गिनीचे मास्तर, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची शनिवार सकाळ आणि 'पारंपरिक' नाच

भटकभवानी (धागाकर्ती)

पुण्यात कथक शिकणाऱ्या माझ्या भाचीने परवा फोनवर विचारलं, "मावशी, तू ज्या आफ्रिकन सरांकडे नाचायला जातेस ना, त्यांचं भागतं का गं त्याच्यावर?" मी "भागतं की" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि शनिवारी क्लास सुटल्यावर मुद्दाम बुटांच्या नाड्या बांधत रेंगाळले. त्या दिवशी आम्ही १४ जण होतो. माणशी १८ डॉलर, म्हणजे २५२. हॉलचं दोन तासांचं भाडं ८०. तीन वादकांना प्रत्येकी ४०, म्हणजे १२०. उरले ५२. मास्तरांनी वादकांचे पैसे आधी त्यांच्या हातावर ठेवले आणि स्वतःचे न मोजता खिशात कोंबले. त्यातूनच पुलाचा टोल आणि पेट्रोल.

मास्तरांचं नाव लिहीत नाही, त्यांना न विचारता त्यांची पत्रिका इथे मांडणं बरं नाही. गिनीची राजधानी कोनाक्री, तिथले. पन्नाशी कधीच उलटली. मी सात वर्षं त्यांच्याकडे जाते आहे आणि अजूनही दुसऱ्या रांगेतच असते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गुडघे वाकलेले, कंबरेतून पुढे झुकलेलं, पाठ सपाट, जणू भाताच्या लावणीला उभे आहोत. कंबरेला लापा, म्हणजे रंगीत सुती कापड, लुंगीसारखं पण घट्ट. भिंतीकडेला वादक बसतात. एक जेंबे (बकरीचं कातडं चढवलेला, हाताने वाजवायचा), आणि आडवे ठेवून काठीने वाजवायचे ढोल: लहान तो केनकेनी, मधला सांगबान, मोठा दुंदुंबा. पाठीमागच्या भिंतीपासून तीन-तीन, चार-चार जणांच्या रांगा नाचत वादकांच्या दिशेने येतात, पोचल्या की कडेने परत मागे. आणि यातली खरी गोम म्हणजे ब्रेक. जेंबेवाला मध्येच एक ठरावीक बोल वाजवतो, तो ऐकला की पाऊल बदलायचं. आपल्याला समेची वाट बघायची सवय. इथे सम कुठे आहे ते कुणी सांगत नाही, हाक येते आणि हाकेला ओ द्यायची असते. पहिले सहा महिने मला हाक ऐकूच येत नव्हती.

शेवटी सगळे गोल करतात, एकेकजण मध्ये जाऊन दोन-चार आवर्तनं नाचून येतो. मग वादकांसमोर वाकून जमिनीला हात लावायचा आणि तो छातीला. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

तर इथे कुणी असं काही शिकतंय का, शिकवतंय का? परदेशात नाच शिकवून पोट भरणाऱ्यांबद्दल काही ठाऊक असेल तर लिहा. भाचीला नीट उत्तर द्यायचं आहे.


तिरकिट

मस्त धागा. तबलजी म्हणून पहिला प्रश्न: ताल कसा मोजता? मी यूट्यूबवर दुंदुंबा (त्या मोठ्या ढोलाच्याच नावाचा नाच) ऐकला. एकदा तिश्र (तिनातिनाच्या) अंगाने लागतो, डोळे मिटून उघडले की चतुश्र (चाराचाराच्या).


भटकभवानी

@तिरकिट, दोन्ही बरोबर! एका फेऱ्यात बारा बारीक मात्रा धरा. पाय चार ठिकाणी पडतो, दर तीन मात्रांनी. सांगबान मात्र स्वतःचंच वाक्य बोलत असतो आणि ते पायाच्या जागांवर संपत नाही. तोच त्या नाचाची ओळख. मास्तर म्हणतात, जेंबे कितीही मिरवला तरी कुठला नाच आहे ते सांगबान सांगतो.

एक गंमत. मास्तर आम्हाला "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणून सुरू करून देतात. मी एकदा विचारलं, तुम्हाला असंच शिकवलं होतं का? ते पोट धरून हसले. कोनाक्रीत थोरल्या नर्तकांच्या मागे उभं राहायचं, चुकलं की वर न बघता कुणीतरी ढकलून बाहेर काढायचं, एवढंच शिक्षण. आकडे ते अमेरिकेत आल्यावर शिकले. इंग्रजी नीट येण्याच्या आधी आठपर्यंत उलटसुलट मोजता यायला लागलं होतं म्हणे. ज्या पावलाचा आयुष्यात कधी विचार केला नव्हता, ते मध्येच थांबवून "डावा खांदा आधी, मग उजवा पाय" असं फोडून सांगायचं, हे त्यांना नाचापेक्षा अवघड गेलं.


वसईकर

आपले जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यापैकीच का? गुजरातेत रतनपूरला सिद्दींची धमाल पाहिली आहे, तिथेही ढोल आणि गोल.


चष्मिष्ट

@वसईकर, नाही. सिद्दींचे पूर्वज प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून, हबसाण (इथिओपियाकडचा मुलूख) वगैरे भागातून आले. म्हणून तर 'हबशी'. गिनी, माली, सेनेगल हा खंडाचा पार पश्चिमेचा काठ, अटलांटिकवर. मध्ये अख्खी आफ्रिका. ढोल आणि गोल म्हटलं तर आपला गजी पण बसेल त्यात. :)


जुनापुराणा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सुखवस्तू बायकांनी लुंग्या गुंडाळून शनिवारी घाम काढायचा आणि त्याला 'पारंपरिक नृत्य' म्हणायचं, हा एरोबिक्सचा प्रकार आहे. जो नाच गावच्या सुगीला, लग्नाला, मुलांच्या सुंतेला होत असे, तो १८ डॉलरला विकला की त्यात परंपरा काय उरली? आणि आठपर्यंत मोजून नाचणं म्हणजे तर कहरच.


खडीसाखर

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.


भटकभवानी

@जुनापुराणा, राग नाही. हाच प्रश्न मी पहिल्या वर्षी मास्तरांना विचारला होता, जरा गोड शब्दांत. उत्तराला वर्षं लागली, कारण ते तुकड्यातुकड्यांनी आलं. सविस्तर लिहिते.

मास्तर गावात नाचायला शिकलेच नाहीत. कोनाक्रीच्या एका वस्तीत, एका खाजगी 'बाले'मध्ये शिकले. बाले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गुलाबी चपलांचा प्रकार नव्हे. गिनीत नाच-ढोल-नाट्याच्या मंडळालाच बाले म्हणतात, आणि त्या शब्दामागे एक माणूस आहे: फोदेबा केइता. १९२१ साली सिगिरीत जन्मलेला शिक्षक आणि कवी. तो पॅरिसला गेला आणि तिथे १९५०च्या आसपास त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना, कलाकारांना जमवून 'बाले आफ्रिकँ' उभं केलं. गावात रात्र-रात्र चालणारा नाच त्याने काही मिनिटांचा केला, गोलातल्या लोकांची तोंडं प्रेक्षकांकडे वळवली, वेगवेगळ्या जमातींचे नाच एका कार्यक्रमात ओवले. म्हणजे ज्याला तुम्ही बाटवणं म्हणता, ते सत्तर वर्षांपूर्वीच झालं, आणि ते एका गिनीच्याच माणसाने, पॅरिसात बसून केलं.

१९५८च्या सप्टेंबरात फ्रान्सच्या द गॉलने फ्रेंच वसाहतींना विचारलं, आमच्या छत्राखाली राहता की जाता? 'जातो' म्हणणारा एकटा गिनी. २ ऑक्टोबरला स्वतंत्र झाला आणि फ्रेंच जाताना रागाने टेलिफोनसुद्धा उपटून घेऊन गेले, असं तिथे आजही सांगतात. नव्या देशाकडे जगाला दाखवायला काय होतं? नाच. बाले आफ्रिकँ राष्ट्रीय मंडळ झालं, १९५९ साली न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर जाऊन आलं. मग अध्यक्ष सेकू तुरेने वस्तीपासून जिल्ह्यापर्यंत प्रत्येक पातळीवर मंडळं काढली. त्यांच्या स्पर्धा, त्यातून वेचलेली पोरं वरच्या मंडळात. १९६४ला जोलिबा नावाच्या दुसऱ्या राष्ट्रीय बालेसाठी गावोगावची मुलं उचलली, आणि कोनाक्रीसमोरच्या कासा बेटावर नेऊन महिनोन्महिने तालमी घेतल्या. ममादी केइता हा पुढे जगभर गाजलेला जेंबेवादक त्यातलाच, तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

आता जरा अंगावर येणारं. याच सरकारने त्याच सुमारास, १९५९ ते ६१ या काळात, दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात 'अंधश्रद्धा हटाव' म्हणून मोहीम काढली. दीक्षाविधींच्या पवित्र देवराया उघड्या पाडल्या, मुखवटे बाहेर काढून जाळले, बायकांच्या दृष्टीला पडू नयेत असे मुखवटे भर चौकात दाखवले. आणि त्याच मुखवट्यांचे नाच राष्ट्रीय मंडळ परदेशात तिकीट लावून करत होतं. गावात बंदी, रंगमंचावर टाळ्या. सांगा, परंपरा कुणाकडे राहिली?

फोदेबा केइताचं पुढे काय झालं? तो गृहमंत्री झाला, संरक्षणमंत्री झाला, कोनाक्रीचा कांप बोआरो हा कुप्रसिद्ध तुरुंग त्याच्याच अमदानीत उभा राहिला. १९६९ला त्यालाच त्यात टाकलं आणि गोळ्या घातल्या. मास्तर या माणसाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. आदर आहे की भीती, मला कळलेलं नाही.

मार्च १९८४ला सेकू तुरे वारला, आठवड्याभरात लष्कराने सत्ता घेतली आणि मंडळांचा सरकारी दाणापाणी आटला. कलाकार सरकारी नोकरासारखे होते, ते उघड्यावर आले. मग वस्त्यांमधून खाजगी बाले उगवले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच वाट: दौरा मिळवायचा आणि जमलं तर तिकडेच राहायचं. ममादी केइता १९८६ला आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला गेला, तिथून ब्रसेल्सला, तिथे शाळा काढली. फामुदु कोनाते हा बाले आफ्रिकँचा मुख्य जेंबेवादक पंचवीस वर्षं मंडळात काढून बाहेर पडला, आणि १९९६ साली बर्लिनच्या कला विद्यापीठाने त्याला मानद प्राध्यापक केलं. लिहितावाचता येण्यापेक्षा ज्याला हातांनी बोलता येतं असा माणूस जर्मन प्राध्यापक!

आमचे मास्तर त्या लाटेतले, बरेच मागचे. तेव्हा ते जे शिकवतात ते गावचं नाही, 'मंडळाचं' आहे. त्यांनी ते कधी लपवलं नाही. लपवतो आम्ही. क्लासच्या पत्रकावर 'पारंपरिक' हा शब्द विद्यार्थ्यांनी घातला आहे, मास्तरांच्या मूळ पत्रकात 'गिनीचे नाच, खूप घाम' एवढंच होतं.


तिरकिट

वाचनखूण साठवली. 'खूप घाम' 😄


नाना_वाईकर

जुनापुराणा यांनी लावणीचा विचार करून पाहावा. संगीतबारीत बैठकीची लावणी बसून, अदेवर, समोरच्या चार माणसांसाठी असते. तीच थिएटरात आली की दहा जणी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. माझे आजोबा दुसरीला लावणी म्हणायला तयार नव्हते. माझी नात दुसरीच लावणी ओळखते. न्यू जर्सीच्या मंडळात तिने परवा नऊवारी नेसून ती केलीसुद्धा. आजोबा आणि नात, दोघांनाही मी खोटं म्हणू शकत नाही.

एक विचारायचं होतं. बायका-पुरुषांचे नाच तिकडे वेगळे असतात का?


भटकभवानी

@नाना, हो, आणि परदेशात आल्यावर जे सर्वांत जास्त उलटंपालटं होतं ते हेच. दुंदुंबा हा गिनीतल्या हामाना भागातला, कुरुसाच्या आसपासचा, 'बलवानांचा नाच'. वयोगटाप्रमाणे तरुणांच्या तुकड्या असतात, धाकट्यांना वरच्या तुकडीत चढायचं तर थोरल्यांशी सामना. पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक घेऊन एकमेकांच्या पाठीवर ओढायचे आणि नाच थांबवायचा नाही. आमच्या क्लासमध्ये दुंदुंबा नाचणाऱ्यांत मी, एक निवृत्त नर्स, दोन शाळामास्तरणी. चाबूक नाही याबद्दल देवाचे आभार. मास्तर म्हणतात, गावचे म्हातारे हे बघून आधी गप्प बसतील, मग हसतील, मग कुणीतरी उठून तुम्हाला बरोबर करून दाखवेल.

आणि लांबां हा जेलींचा नाच. जेली म्हणजे वंशावळी आणि स्तुती गाणारे पिढीजात, आपल्याकडच्या भाटांच्या जवळपास. तो शिकवायला मास्तर फार दिवस का-कू करत होते, कारण ते जन्माने जेली नाहीत. आता शिकवतात, पण आधी दरवेळी तेवढं सांगतात.


चष्मिष्ट

परदेशी कारकीर्द म्हटलं की लोक साठच्या दशकापासून सुरू करतात, म्हणून एक जुनं नाव: असादाता दाफोरा. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनचा, जन्म १८९०. इटलीत गाणं शिकला आणि १९२९ला न्यूयॉर्कला आला तो ऑपेरात गायला! काळ्या माणसाला तेव्हा ऑपेरात कोण उभं करणार, त्यात मंदी. मग त्याने स्वतःच्या मुलखाचे नाच आणि ढोल घेऊन नृत्यनाट्य बसवलं. १९३४ला 'किकुंकोर' आलं. छोट्याशा जागेत सुरू झालं आणि गर्दी मावेना म्हणून मोठ्या थिएटरांत हलवावं लागलं. नाचणाऱ्यांत काही आफ्रिकन, काही अमेरिकन काळे. म्हणजे खेळ बसवायचा तर आधी क्लास घ्यावा लागला असणार. आफ्रिकन नाच परदेशात शिकवण्याच्या धंद्याची ती गंगोत्री मानायला हरकत नाही.

१९३६ला ऑर्सन वेल्स या दिग्दर्शकाने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या नटांना घेऊन केलेल्या मॅकबेथमध्ये ढोलवाले दाफोराचेच. १९४३ला कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या आफ्रिकन नृत्यमहोत्सवाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट हजर होत्या. १९६०ला देश स्वतंत्र होण्याच्या बेताला मायदेशी जाऊन सांस्कृतिक खात्याचं काम पाहिलं, दोन वर्षांत पुन्हा न्यूयॉर्क. १९६५ला हार्लेममध्येच गेला. इतकं असून आज नाव किती जणांना माहीत?

अवांतर: ऑकलंडमधलं नाचाचं मोठं केंद्र ज्यांच्या नावाचं आहे ते मालोंगा कास्केलूर्द काँगोचे, म्हणजे मध्य आफ्रिकेचे. तिकडचे नाच, ढोल सगळं वेगळं. आफ्रिकन म्हणून सगळं एका पोत्यात घालू नये, एवढ्यासाठी लिहिलं.


खडीसाखर

पॉपकॉर्न संपले, आता लिहिते. मी फ्रान्समध्ये तुलूजला राहते, आणि या शहराशी जेर्मेन आकोन्यी या नर्तकीचा संबंध आहे, म्हणून राहवलं नाही.

आकोन्यी यांचा जन्म १९४४, आताच्या बेनिनमधला, वाढल्या सेनेगलमध्ये. आजी योरुबा पुजारीण. पॅरिसला शारीरिक शिक्षण आणि नाच शिकल्या, १९६८ला डाकारला घराच्या अंगणात क्लास सुरू केला. मग १९७७ला मोरिस बेजार हा बॅलेवाला आणि सेनेगलचे कवी-अध्यक्ष सेंघोर यांनी मिळून डाकारला शाळा काढली, तिच्या प्रमुख आकोन्यी. शाळेचं नाव वाचून मी उडालेच होते: 'मुद्रा आफ्रिक'. मुद्रा म्हणजे आपलीच मुद्रा. बेजारला भारताचं वेड, ब्रसेल्समधल्या त्याच्या मूळ शाळेचं नावही मुद्रा. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या नाचाच्या शाळेला एका फ्रेंच माणसाने संस्कृत नाव दिलं.

पाचेक वर्षांत सेंघोर पायउतार झाले, पैसे आटले, शाळा बंद. मग ब्रसेल्स, आणि १९८५ला नवरा हेल्मुट फोग्ट यांच्याबरोबर इथे तुलूजला स्टुडिओ. पण @भटकभवानी, तुमच्या मास्तरांच्या आणि त्यांच्या वाटेत मोठा फरक आहे. त्यांनी गावचे किंवा मंडळाचे नाच जसेच्या तसे शिकवले नाहीत. स्वतःची पद्धतच बांधली, तिच्यावर १९८०लाच पुस्तक लिहिलं. सगळं कण्यावर उभं. हालचालींना झाडापेडांची, प्राण्यांची नावं. छाती म्हणजे सूर्य, ढुंगण म्हणजे चंद्र, असं त्या सांगतात. (इथल्या फ्रेंच बायकांना चंद्र हलवायला सांगितला की पहिल्या दिवशी एकही हलत नाही.)

नव्वदच्या दशकात त्या परत गेल्या. डाकारच्या दक्षिणेला तुबाब जालाव या कोळ्यांच्या गावात 'एकोल दे साब्ल', वाळूची शाळा, उभी केली. तिथल्या मोठ्या नृत्यशाळेची जमीन खरोखर वाळूची आहे. २०२०ला तिथे पिना बाउश या जर्मन नृत्यदिग्दर्शिकेचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे नृत्य १४ आफ्रिकन देशांतल्या ३८ नर्तकांना घेऊन बसवलं, टाळेबंदीने दौरा रद्द झाला तेव्हा निघायच्या आधी समुद्रकाठच्या वाळूतच शेवटची तालीम करून चित्रित केली. ती फीत मिळाली तर बघाच. २०२१ला व्हेनिसच्या नृत्य बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला.


जुनापुराणा

आकोन्यींबद्दल वाचून बरं वाटलं. त्यांनी निदान 'हे माझं' म्हणून सांगितलं.

बाकी, एरोबिक्स हा शब्द मागे घेतो. लुंगी मागे घेत नाही.


लालफीत

मी इथे इमिग्रेशन वकिलाच्या कचेरीत कागद लावते, म्हणून धंद्याची बाजू. परदेशी कलाकारांसाठी अमेरिकेचा एक व्हिसा आहे, पी-३. सांस्कृतिकदृष्ट्या 'आगळी' कला सादर करायला, शिकवायला येणाऱ्यांसाठी. आपले गवय्ये-वादकही यावर येतात. अट अशी की कला खरंच आगळी, अस्सल आहे याची जाणकारांकडून पत्रं हवीत, नाहीतर वृत्तपत्रांतली परीक्षणं वगैरे. आता विचार करा, गिनीच्या वस्तीतल्या बालेत नाचणाऱ्या पोराला कोण जाणकार लेखी देणार? बहुतेक वेळा इथलाच कुणी प्राध्यापक.

आणि इथे @जुनापुराणांच्या मुद्द्याला गंमतशीर वळण मिळतं. अर्जात 'मी माझी स्वतःची नवी शैली काढली' असं लिहिलं की अधिकारी भुवया उंचावतो. 'पिढ्यानपिढ्या चालत आलेलं' लिहिलं की पुढे सरकतं. पत्रकावर 'पारंपरिक' हा शब्द कुठून येतो, त्याचं अर्धं उत्तर आमच्या कचेरीत आहे.


भटकभवानी

@लालफीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दंडवत.

भाचीच्या प्रश्नाकडे परत येते, कारण ५२ डॉलरचा हिशेब अर्धवट राहिला. मास्तरांशी काल बोलले, त्यांनी हसतहसत सगळं सांगितलं.

साप्ताहिक क्लासवर कुणाचंच भागत नाही. क्लास हे दुकानाचं दार. खरे पैसे येतात ते शाळांमधल्या कार्यक्रमांतून, त्यातही फेब्रुवारीत, कारण अमेरिकेत तो काळ्यांच्या इतिहासाचा महिना. तेव्हा दिवसाला तीन-तीन शाळा. मार्च उजाडला की फोन वाजायचा बंद. मग दुसऱ्या शहरांतल्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, कुणाच्या तरी सोफ्यावर झोपून. लग्नं, बारशी. आणि डिसेंबर-जानेवारीत कोनाक्रीचा कॅम्प: इथले दहा-बारा विद्यार्थी घेऊन तिकडे जायचं, पंधरा दिवस सकाळी नाच, संध्याकाळी ढोल. त्यात तिकडच्या वादकांची, स्वयंपाक करणाऱ्या बहिणींची, गाडीवाल्या भाच्याची चार महिन्यांची सोय होते. सेनेगलमध्ये कासामान्सकडेही असे कॅम्प चालतात. मी २०१९ला गेले होते. विमानतळावर मास्तरांना घ्यायला बावीस माणसं आली होती आणि प्रत्येकासाठी पिशवीत काहीतरी होतं. माझ्या बॅगेतले दहा किलो त्यांनी आधीच मागून घेतले होते, त्यात काय होतं ते तेव्हा कळलं: बूट.

उरलेले दिवस ते एका गोदामात काम करतात. रात्रपाळी. हे मी सात वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं.

२०२०ला टाळेबंदीत झूमवर क्लास घेतला होता. ढोल आणि नाच यांच्यात इंटरनेटचा अर्धा सेकंद. ब्रेक यायचा आणि आमची पावलं तो ओसरल्यावर बदलायची. आम्ही सगळ्या चुकलेल्याच दिसायचो, पडद्यावर चौदा खिडक्यांत चौदा वेगवेगळ्या चुका. मास्तर दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, तुम्ही आवाज बंद करा, मी तुम्हाला बघतो, तुम्ही मला बघा. त्यांनी पैसे घेतले नाहीत. गुपचूप पाठवले तर परत पाठवले.

गुडघे गेले आहेत. आयुष्यभर सिमेंटवर नाचल्याचा परिणाम. आता पाऊल एकदाच पूर्ण करून दाखवतात, बाकी हातांनी. तरी शेवटच्या गोलात कधीकधी जेंबेवाला मुद्दाम त्यांचा जुना बोल वाजवतो, आणि मग ते शिव्या देत मध्ये येतात.


नाना_वाईकर

तो वादक त्यांना बरोबर ओळखून आहे.


मीठमिरची

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी सॅन होजेला, ढोलताशा पथकात ताशा वाजवते, त्यामुळे ब्रेक वगैरे वाचून हात शिवशिवताहेत. वय ४६, गुडघा डावा कुरकुरतो. येऊ का? आणि कथकवाल्या भाचीला काय उत्तर दिलंत?


भटकभवानी

@मीठमिरची, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. दहाच्या आत ये, पार्किंग मिळत नाही. पायात काही नको, गुडघ्याला पट्टा चालेल, ते स्वतःच बांधतात. ताशा वाजवतेस हे पहिल्या दिवशी सांगू नकोस, नाहीतर केनकेनीवर बसवतील आणि नाचायचं राहून जाईल. पैसे रोख आण, सुट्टे.

भाचीला हा धागा पाठवला. तिचं उत्तर आलं: "मावशी, वादकांना आधी पैसे देतात ते आवडलं. आमच्याकडे तबलेवाल्या काकांना शेवटी देतात." आता हे तिच्या बाईंच्या कानावर गेलं तर मला पुण्यात यायची सोय नाही.